दामदुप्पट बिल्ला : शेतकऱ्याचा भाव न पाडता गरिबाच्या घरी भाजीपाला

भाव उतरावा ही इच्छा खाणाराची, तो चढावा ही पिकविणाराची. हा विरोध बाजाराइतकाच जुना आहे. टोमॅटो मातीमोल झाला म्हणजे मजुराच्या घरी भाजी शिजते, परंतु त्याच दिवशी शेतकऱ्यास तोडणीची मजुरीही न सुटल्यामुळे माल बांधावर टाकावा लागतो. उलट भाव चांगला आला की शेतकऱ्याचे देणे फिटते व गरिबाच्या ताटातील भाजी नाहीशी होते. या दोघांचेही हित एकाच व्यवहारात साधेल अशी काही तोड आहे काय, हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी एक तोड काही वर्षे चालू आहे. तिची माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कल्पनेचे मूळ

ही कल्पना अगदी नवी नव्हे. सन १९३९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर शहरी तेथील सरकारने अन्नतिकिटांची पहिली योजना सुरू केली. त्या काळी एकीकडे शेतमाल खपेना व दुसरीकडे बेकारांच्या घरी चूल पेटेना, अशी स्थिती होती. गरजू कुटुंबाने एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटे घ्यावी, म्हणजे त्यास अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे फुकट मिळत. नारिंगी तिकिटांवर कोणतेही अन्न घेता येई. निळ्या तिकिटांवर मात्र शेतकी खात्याने शिलकी म्हणून जाहीर केलेला मालच मिळे. गिऱ्हाइकाच्या पदरच्या पैशास जोड द्यावयाची व ती जोड शेतकऱ्याच्या न खपणाऱ्या मालाकडे वळवावयाची, हे त्यातील मर्म होय. महायुद्धामुळे शिलकी माल व बेकारी दोन्ही ओसरली व १९४३ साली ही योजना बंद झाली.

पुढे १९६४ च्या कायद्याने अन्नतिकिटे पुन्हा कायम झाली, परंतु निळ्या तिकिटांची युक्ती त्यात नव्हती. कालांतराने कागदी तिकिटे जाऊन विजेच्या यंत्रावर चालणारे कार्ड आले व २००४ पर्यंत ते देशभर लागू झाले. यात शेतकऱ्यांचे नुकसान झाले. मोठ्या दुकानांत यंत्रे होती. उघड्या मैदानावर गाडीमागे माल मांडून बसणाऱ्या शेतकऱ्याजवळ ना वीज, ना तार. साहजिकच गरीब गिऱ्हाईक शेतकरी बाजाराकडून दुकानाकडे वळले.

हल्लीची रीत

यावर उपाय निघाला तो असा. प्रत्येक शेतकऱ्याने यंत्र घेण्याऐवजी साऱ्या बाजाराचे मिळून एकच यंत्र व्यवस्थापकाच्या मेजावर ठेवावयाचे. न्यूयॉर्क शहराने २००५ साली ‘हेल्थ बक्स’ नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. २००९ साली मिशिगन संस्थानातील डेट्रॉइट येथे ‘फेअर फूड नेटवर्क’ या संस्थेने ‘डबल अप फूड बक्स’ ही योजना चालू केली. तिचा व्यवहार समजण्यास सोपा आहे. गिऱ्हाइकाने कार्डावरील २० डॉलर वळते केले की त्यास २० डॉलरचे बिल्ले मिळतात व त्यांखेरीज आणखी २० डॉलरचे निराळे बिल्ले जोड म्हणून मिळतात. जोडीचे बिल्ले फक्त ताजी फळे व भाजीपाला यांवरच चालतात. शेतकरी ते रोख पैशाप्रमाणे घेतो, बाजार उठल्यावर व्यवस्थापकाकडे भरतो व ठरल्या दिवशी त्याचे पूर्ण पैसे घेतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. शेतकऱ्याने भावात एक पैसाही सोडलेला नाही. सूट मिळते ती गिऱ्हाइकास. तिचा भार उचलतो तिसराच.

पैसा कोठून येतो

आरंभी हा पैसा धर्मादाय संस्थांनी दिला. नंतर २०१४ च्या शेतकी कायद्याने मध्यवर्ती सरकारने अशा योजनांसाठी पाच वर्षांकरिता १० कोटी डॉलर मंजूर केले. अट अशी की, जितका पैसा सरकार देईल तितकाच स्थानिक संस्थांनी अन्य मार्गाने उभा करावा. २०१८ च्या कायद्याने ही रक्कम २५ कोटी डॉलर झाली व योजनेस गस शूमाकर यांचे नाव देण्यात आले. या कामी पुढाकार घेणारे हे शेतकी अधिकारी २०१७ साली वारले होते.

परिणाम व उणिवा

जोड दिल्याने गरीब खरोखरच भाजी अधिक खातात काय? मॅसॅच्युसेट्स संस्थानातील हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ साली याची रीतसर परीक्षा झाली. ७,५०० कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निवडून त्यांस फळभाजीवरील प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत देण्यात आले. तेथे बहुतेक खरेदी शेतकरी बाजारात नव्हे, दुकानांत झाली. तरी तत्त्व तेच. ज्यांस जोड मिळाली ते इतरांपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक फळे-भाज्या खात असल्याचे आढळले.

तथापि, दोष नाहीत असे नाही. बाजार आठवड्यातून एखादा दिवस भरतो. कष्टकऱ्यास ती वेळ सोईची असतेच असे नाही. शिवाय पैसा संपला की सारे थांबते. याच मॅसॅच्युसेट्समध्ये २०१७ साली निघालेल्या तशाच योजनेस अपेक्षेबाहेर प्रतिसाद मिळाला. २०१८ साली तिचा पैसा अपुरा पडून ती काही काळ थांबवावी लागली. या गिऱ्हाइकीच्या भरवशावर ज्यांनी लागवड वाढविली असेल, त्यांस असा खंड किती जाचतो हे आपणांस सांगावयास नको.

आपणांस बोध

आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबास स्वस्त धान्याचा हक्क मिळाला, पण त्यात भाजीपाला नाही. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्याने शहरात थेट विक्रीची वाटही मोकळी झाली आहे. तेव्हा शहरी आठवडे बाजार चालविणाऱ्या एखाद्या शेतकरी संघाने नगरपालिका किंवा धर्मादाय निधी यांस हाती धरून लहान प्रमाणावर हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. कुटुंबाने १०० रुपये द्यावे व त्यास ५० रुपयांचे बिल्ले जोड मिळावे. म्हणजे निधीच्या ५० रुपयांत शेतकऱ्यांचा १५० रुपयांचा माल खपेल.

मात्र तीन पथ्ये पाळलीच पाहिजेत. भाव पाटीवर लिहून सर्व गिऱ्हाइकांस एकच ठेवावा. बिल्ला पाहून जो भाव वाढवील तो गरिबाची जोड आपल्या खिशात घालील व योजना बुडवील. बिल्ल्यांचे पैसे शेतकऱ्यास आठवड्याच्या आत चुकते व्हावे. आणि निधी जितका हाती असेल तितकेच बिल्ले काढावे. शेतकऱ्याने औदार्याने स्वस्त विकावे, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्याचा भाव राखून गरिबाचे ताट भरण्याचा मार्ग मात्र क्वचितच कोणी दाखवितो. म्हणून या योजनेचा विचार आपल्या संघांच्या सभांतून व्हावा, अशी सूचना आहे.