प्लास्टिक कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अटी

मोसंबीसाठी प्रसिद्ध असलेल्या पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या भागात ‘मल्चिंग पेपर’ हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. टरबूज, मिरचीच्या गादीवाफ्यांवर अंथरला जाणारा हा ‘पेपर’ प्रत्यक्षात पॉलिथिनचा असतो. हंगाम संपल्यावर तो फाटतो, पण कुजत नाही. त्याला पर्याय म्हणून जैवविघटनशील प्लास्टिकचे नाव घेतले जाते. असे प्लास्टिक जिवाणू फस्त करतात, हे खरे; मात्र त्यांच्या काही अटी असतात.

१९२६ मध्ये पाश्चर संस्थेतील मोरिस लेम्वान्य यांनी बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत ‘पीएचबी’ हा बहुवारिक शोधला. आपण चरबी साठवतो, तसा हा जिवाणूंचा साठा. तो पदार्थ निसर्गाचाच असल्याने तो खाणारेही मातीत मुबलक आहेत. ते पेशीबाहेर विकरे सोडतात, लांब साखळीचे तुकडे करतात आणि ते शोषून घेतात. हवा असेल तर अखेरीस कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते.

उसाच्या किंवा मक्याच्या शर्करेपासून बनणाऱ्या ‘पीएलए’ची गोष्ट वेगळी. (पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ मध्ये जेजुरी येथे त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.) पीएलएची साखळी आधी उष्णता आणि ओलाव्याने तुटावी लागते, त्यासाठी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाचे कंपोस्ट हवे. त्यानंतरच बहुतेक जिवाणू त्याकडे वळतात. अखंड पीएलएवर थेट हल्ला करणारा ॲमायकोलाटॉप्सिस कुळातील जिवाणू जपानी संशोधकांना १९९७ मध्ये सापडला खरा, परंतु मातीत असे जिवाणू विरळच.

म्हणूनच पिशवीवरील ‘कंपोस्टेबल’ हा शब्द फसवा ठरू शकतो. त्यामागील आयएस १७०८८ हे मानक व्यवस्थित चालवलेल्या कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, उकिरड्यासाठी नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी तेव्हाच्या औरंगाबाद शहराच्या कचरागाड्या अडवल्या आणि रस्तोरस्ती मिश्र कचऱ्याचे ढीग साचले. अशा ढिगात पीएलएची पिशवी साध्या पिशवीइतकीच निवांत पडून राहते.

शेतातील आवरणासाठी कसोटी निराळी. युरोपच्या २०१८ च्या मानकानुसार त्यातील ९० टक्के कार्बनचे रूपांतर साध्या तापमानाच्या मातीत दोन वर्षांत कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते. ही चाचणी ओलसर मातीत होते. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात भेगाळलेल्या रानात मात्र जिवाणू जवळजवळ थंडावतात, आणि आवरण पावसाची वाट पाहत पडून राहते.