जुन्या दप्तरांच्या वाटेने : लेखांक ७ – जर्मन शिपायाचा ‘वेरपास’

गेल्या आठवड्यात आपण ‘झोल्डबूख’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपाई खिशात सदैव बाळगीत असे ते वेतनपुस्तक, पाहिले. आजचा ‘वेरपास’ त्याचेच भावंड, परंतु त्याचा प्रवास निराळा. १९३५ च्या मार्चमध्ये जर्मनीत सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू झाल्यावर, तपासणीत पात्र ठरलेल्या तरुणाच्या हाती हे सेवापुस्तक पडू लागले. तो पलटणीत रुजू झाला की ते तेथील दप्तरात जमा होई, पुढील नोंदी कंपनीचा कारकून करी, आणि सेवामुक्तीच्या वेळी ते मूळ धन्यास परत मिळे. तो लढाईत कामी आला, तर त्याच्या घरी धाडले जाई.

झोल्डबुखावर घामाचे व चिखलाचे डाग असतात, वेरपास मात्र पुष्कळदा स्वच्छ आढळतो, आणि नवखा संग्राहक नेमक्या त्या स्वच्छतेलाच बिचकतो. वास्तविक संशय घ्यावयाचा तो अन्यत्र. प्रथम छायाचित्र पाहावे. ते भरतीपूर्वीचे असल्यामुळे तरुण बहुधा नागरी पोशाखात असतो; ते धातूच्या लहान रिबिटांनी पानाला जखडलेले असते, आणि शिक्क्याचे वर्तुळ काही छायाचित्रावर, काही पानावर असे उमटलेले असते, ते सांध्यावर तसूभरही न ढळता जुळले पाहिजे. अतिनील किरणांच्या दिव्याखाली छायाचित्राचा कागद निळसर झळाळला, तर ते युद्धोत्तर समजावे. कागदाला शुभ्रता देणारी ती रसायने तेव्हा प्रचारात आलेली नव्हती.

सर्वांत अधिक लबाडी होते ती मानचिन्हांच्या पानावर, कारण तेथे घुसडलेल्या एका ओळीने किंमत कैक पटींनी चढते. अशा वेळी पलटणींची, लढायांची व जखमांची पाने शेजारी ठेवून रुजुवात घ्यावी, की ज्या तारखेस हे शौर्य गाजले त्या तारखेस हा गृहस्थ खरोखर आघाडीवर होता काय. एकही पदक नसलेल्या, परंतु आद्यंत सुसंगत नोंदी असलेल्या साध्या पायदळी शिपायाचे पुस्तक मला अशा सजविलेल्या पुस्तकाहून शतपट मोलाचे वाटते.

तथापि अस्सल नोंद म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. बेलारूसमध्ये गनिमांविरुद्धच्या मोहिमांत शेकडो गावे रहिवाशांसह जाळली गेली. कारकून अशी मोहीम एका ओळीत नोंदवून मोकळा होई, आणि त्या गावांचा तीत उच्चारही नसे. म्हणून पलटणीचा इतिहास धुंडाळल्यावाचून या पुस्तकाच्या धन्याविषयी आदर वा अनुकंपा बाळगण्याची घाई करू नये. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या, जखमी, मृत व युद्धकैदी शिपायांची माहिती राखणाऱ्या कचेरीचे बर्लिनमधील दप्तर २०१९ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. तेथे चौकशी करण्यापूर्वी नाव, जन्मतारीख आणि पलटणींचा क्रम जसाच्या तसा उतरवून घ्यावा.