पणजीचे कंकण

अचाट सामर्थ्याच्या नायकांची चित्रपुस्तके मुलांच्या हाती दिसली की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतात. त्या सर्वस्वी अनाठायी असतात असे नाही. पुष्कळ पुस्तकांत ठोसेबाजीपलीकडे फारसे काही आढळत नाही. परंतु ‘मिस मार्व्हल’ ही अमेरिकन चित्रकथा आणि तिच्यावरून निघालेली चित्रवाणी मालिका या दोहोंकडे आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात नांदणाऱ्या कुटुंबांनी अवश्य लक्ष द्यावे.

चित्रकथामालेचा आरंभ २०१४ साली झाला. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. नायिका कमला खान ही न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे राहणारी, पाकिस्तानातून तेथे गेलेल्या मुसलमान कुटुंबातील १६ वर्षांची मुलगी. घरी आईबापांचा धाक आणि शाळेत आपल्या वेगळेपणाचा संकोच! एका रात्री धुक्यात तिला देह हवा तसा पालटण्याची शक्ती प्राप्त होते. तेव्हा ती प्रथम काय करते? कॅप्टन मार्व्हल या आपल्या आवडत्या वीरांगनेसारखी गोरी, सोनेरी केसांची होते. पण त्या उसन्या रूपात तिचा जीव रमत नाही, आणि पुढे ती स्वतःच्याच चेहऱ्याने लोकांच्या साह्यास धावू लागते. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता लेखिकेने येथे फार मोठी गोष्ट सांगितली आहे. या मालेच्या पहिल्या संग्रहास २०१५ साली ह्यूगो पारितोषिक लाभले, ते यथायोग्यच होय.

२०२२ साली डिस्ने प्लसवर आलेली मालिका ६ भागांची आहे. कमलाची भूमिका करणारी इमान वेलानी ही कराचीत जन्मलेली व कॅनडात वाढलेली. मालिकाकारांनी मूळ कथेत मोठा बदल केला आहे. येथे कमलाची शक्ती जागी होते ती कराचीच्या नानीने पाठविलेल्या, पणजीच्या कंकणामुळे. रूप पालटण्याची शक्ती गेल्याने चित्रकथेतील मर्मभेदक कल्पना हातची निसटली, हे खरे. पण तिच्या जागी वारसा आला, आणि त्याने कथेला निराळीच खोली दिली.

शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेला पाचवा भाग या दृष्टीने सर्वांत सरस आहे. फाळणीच्या रात्री, १९४७ साली, कराचीकडे निघणाऱ्या गाडीच्या गर्दीत चिमुकली सना बापापासून दुरावते. ताऱ्यांची वाट धरून ती त्याच्यापर्यंत पोहोचली, अशी कथा घरात सांगितली जात असते. कंकणाच्या योगे कमला त्याच रात्रीत जाऊन पडते आणि तिला उमगते की, ते तारे म्हणजे तिच्याच हातून निघालेला प्रकाश! ती सना म्हणजेच तिची नानी. हा प्रसंग आपल्यालाही परका नाही. कराचीत मराठी मंडळींची वस्ती होती. तेथील एका जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आजही आहे. फाळणीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे उलट दिशेने निघाली.

मालिकेत उणिवा आहेत. खलपक्ष पुसट उतरला आहे. त्याची नायिका नज्मा हिचे हृदयपरिवर्तन घाईने उरकले आहे. फाळणीची कारणे सांगण्यासही कथेला उसंत नाही. ते काम पालकांनीच करावयास हवे.

शेवटच्या भागात बाप मुलीला तिच्या नावाचा अर्थ सांगतो. ‘कमाल’ म्हणजे अरबीत परिपूर्णता आणि उर्दूत नवल. हा शब्द आपणही रोज वापरतो. आपले मूळ गाव कोणते, पणजोबा येथे कोणत्या निमित्ताने आले, असे वर्गात विचारले असता आपली पुष्कळ मुले गप्प बसतात. त्यांना ते कोणी सांगितलेलेच नसते. कमलाला तिच्या नानीने सांगितले होते. पाचवा भाग मुलांसमवेत पाहावा आणि मग संच बंद करून आपल्या घराची हकीकत त्यांना सांगावी. आजी-आजोबा हयात असतील, तर त्यांच्याच तोंडून ती ऐकवावी, आणि तेही लवकर.