अधांतरी थेंबाचा तोल

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कपटा वर उडतो त्या क्षणी कंगव्याच्या विद्युतबलाने साऱ्या पृथ्वीच्या ओढीवर मात केलेली असते. ही दोन बले अगदी समसमान झाली तर? मग वस्तू वर जाणार नाही की खाली येणार नाही. ती अधांतरी राहील. या साध्या विचारातून निसर्गातील एक मूलभूत राशी मोजली गेली.

१९०९ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांनी धातूच्या दोन आडव्या तबकड्यांमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब फवारले. फवारताना थेंबांवर विद्युतप्रभार येतो. थेंब ऋणप्रभारित असेल आणि वरची तबकडी धन असेल, तर थेंब वर ओढला जातो. वजन त्याला खाली ओढते. विभवांतर जुळवीत गेले की एका ठिकाणी तोल साधतो. तेव्हा

प्रभार × विद्युतक्षेत्र = वस्तुमान × गुरुत्वत्वरण

आपण एक उदाहरण घेऊ. थेंबाची त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग आणि तबकड्यांमधील अंतर १६ मिलिमीटर आहे असे मानू. थेंबावर एकच जादा इलेक्ट्रॉन असेल, तर तोल साधण्यास सुमारे ३७०० व्होल्ट लागतील. दोन असतील तर १८५०, तीन असतील तर सुमारे १२३३. मधले विभवांतर चालत नाही. प्रभार पाण्यासारखा हवा तेवढा घेता आला असता, तर कोणताही आकडा चालला असता. तो पायऱ्यापायऱ्यांनीच बदलतो, याचा अर्थ प्रभार धान्यासारखा दाण्यांचा बनलेला आहे. त्यातील एक दाणा म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार.

परंतु समीकरणातील वस्तुमान कोठून आणावयाचे? असा थेंब कोणत्याही तराजूत मावत नाही. म्हणून विद्युतक्षेत्र बंद करून त्याला पडू देतात. हवेच्या विरोधामुळे तो लवकरच एकसमान वेगाने उतरू लागतो. आपल्या उदाहरणातील थेंबाला एक सेंटिमीटर उतरण्यास सुमारे दीड मिनिट लागेल. या वेगावरून त्रिज्या आणि त्रिज्येवरून वजन काढता येते. मात्र त्यासाठी हवेची श्यानता, म्हणजे तिचा चिकटपणा, अचूक ठाऊक हवा.

नेमकी येथेच उणीव राहिली. १९१३ साली मिलिकन यांनी प्रसिद्ध केलेले मूल्य आजच्या एककांत १.५९२ गुणिले दहाचा उणे १९ वा घात कूलोम इतके होते. आजचे मूल्य १.६०२ आहे. थेंबांचे निरीक्षण काटेकोर होते, पण हिशेबात घेतलेली हवेची श्यानता किंचित कमी होती. तोल बिनचूक साधला, तरी वजन चुकल्यामुळे उत्तर शंभरात अर्ध्याहून थोडे अधिक हलले. पुढे श्यानता नव्याने मोजली गेली, तेव्हा हा फरक उलगडला.

म्हणून वहीत हे समीकरण लिहिताना आपण केवळ दोन्ही बाजू समान मांडून थांबू नये. त्यातील प्रत्येक राशी आपल्याला कशावरून कळली, हेही विचारावे. उत्तराचा भरवसा त्या प्रश्नावरच उभा असतो.