तांबेऱ्याकडून घेतलेलं काम

तांबेरा म्हटलं की आपल्या पोटात गोळा उठतो. गव्हाच्या पानावरून बोट फिरवावं, तर विटेची पूड लागावी तसं ते तांबडं होतं. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. असला एक तांबेरा कुणी मुद्दाम परदेशातून आणून गव्हाच्या मुलखात सोडला, असं सांगितलं तर? ऑस्ट्रेलियात १९७१ साली तसंच घडलं.

तिथल्या गव्हाच्या रानांत भूमध्य समुद्राकडचं एक तण शिरलं होतं. त्याचं शास्त्रीय नाव काँड्रिला जन्सिया. त्याच्या चिवट काटक्या कापणीयंत्रात अडकत. नांगरावं, तर मुळांच्या तुकड्यांतून नवी रोपं उठत. मूळ मुलखात मात्र ते इतकं माजत नाही, कारण तिथे त्याला शत्रू आहेत. त्यांतलाच एक हा तांबेरा. त्याचा एक वाण शास्त्रज्ञांनी इटलीतून निवडून आणला.

'मग तो गव्हावर नाही का जाणार?' प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येक तांबेऱ्याची आवड ठरलेली असते. ठरावीक जिवंत झाडावाचून त्याला जगता येत नाही. तरीही तो पिकांवर टाकून पारखला, आणि मगच मोकळा केला. बीजाणू वाऱ्यावर उडाले, थोड्याच काळात शेकडो किलोमीटर पसरले. अरुंद पानांचं तण झपाट्यानं हटलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्या तणाचे तीन प्रकार होते. मध्यम व रुंद पानांच्या प्रकारांना हा वाण लागेना. रिकाम्या झालेल्या जागेत तेच पसरू लागले! निसर्गाकडून काम घेता येतं, पण हिशेब पुरता मांडावा लागतो तो असा.

आपल्याकडचं गाजरगवतही परदेशी पाहुणाच. पुण्यात ते १९५५च्या सुमारास नजरेस आलं. त्यावर मेक्सिकोतले भुंगेरे १९८४ साली बंगळुरात सोडण्यात आले. हे पारखण्याचं काम शास्त्रज्ञांचं. कुणी आपल्या मनानं रोगट पानं इकडून तिकडे नेऊ नयेत. आपलं काम सोपं आहे. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हात झाकून, मुळासकट उपटावं. गुरुजींनी मुलांना तांबेरा लागलेलं पान भिंगातून जरूर दाखवावं. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे आधी नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.