शिंजिराच्या घराचं छप्पर

फेब्रुवारीतली सकाळ होती. अमरावतीच्या आमच्या घरामागच्या अंगणात चहा घेत बसलो होतो. अमेरिकेहून सुटीवर आलेली भाची एकदम ओरडली, "मामा, हमिंगबर्ड!"

जास्वंदीच्या फांदीवर अंगठ्याएवढा काळा पक्षी बसला होता. त्यानं मान वळवली, ऊन अंगावर पडलं आणि तो काळा पक्षी क्षणात निळा-जांभळा होऊन चमकला. बाकदार चोच त्यानं फुलाच्या देठाशी खुपसली. समोरून रस प्यायची खटपट नाही, सरळ मागच्या दारानं चोरी!

"हमिंगबर्ड नव्हे गं," मी म्हटलं. "हा आपला शिंजीर. जांभळा शिंजीर."

तिची चूक मोठी नव्हती. आपल्याकडेही शिंजिराला हमिंगबर्ड म्हणणारे पुष्कळ आहेत. दोघंही चिमुकले, दोघंही चमकदार, दोघांनाही मधुरसाचं वेड. पण नातं मात्र काही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो आणि त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या. शिंजीर चिमणीच्या गणातला. आशिया-आफ्रिकेत त्याचं राज्य. फुलातला रस प्यायचा म्हणून दोघांनी आपापल्या मुलखात लांब चोच कमावली, एवढंच. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत रस पितो. भाचीच्या न्यू जर्सीतला लाल गळ्याचा हमिंगबर्ड त्यासाठी सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख हलवतो. आपला शिंजीर एवढी दगदग करत नाही. क्वचित घटकाभर तरंगतो, एरवी फांदीवर नीट बैठक मारून जेवतो. वऱ्हाडी माणसासारखा!

भाचीच्या घरी मागच्या खिडकीला साखरपाण्याची लाल बाटली टांगलेली असते. एक भाग साखर, चार भाग पाणी. बाटलीवर पक्षी आला की खिडकीतून फोटो. तशीच बाटली तिनं इथंही आणली होती. मी तिला आमचा उन्हाळा आठवून दिला. एप्रिल-मे महिन्यांत अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांना टेकतो. सकाळी भरलेलं साखरपाणी अशा उन्हात किती टिकणार? ते आंबतं, मुंगळ्यांची रांग लागते, आणि आंबलेलं पाणी पक्ष्याला बाधतं. त्यापेक्षा जास्वंद लावावी, अडुळसा लावावा. परसातला शेवगा फुलला की शिंजीर न बोलावता येतो. मार्चमध्ये पोहऱ्याच्या जंगलात पळस पेटतो, तेव्हा तर त्याची दिवाळीच.

फोटोचं तंत्रही फुलापासूनच सुरू होतं. पक्ष्यामागं कॅमेरा घेऊन धावू नये. तो ज्या फुलावर वारंवार येतो ते फूल हेरावं, सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा आणि खिडकीच्या पडद्याआड बसावं. शिंजिराच्या पिसांत निळा रंग नसतोच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो म्हणून तो दिसतो. कोन चुकला की फोटोत नुसता कोळसा. रोलच्या जमान्यात ३६ फोटोंतले ३० असे कोळसेच निघायचे.

"मामा, मला घरट्याचा फोटो हवाय," भाची म्हणाली. "तू काढला होतास ना, अकोल्याला?"

काढला होता. १९९४चा एप्रिल. ताई तेव्हा अकोल्याला राहायची, ही भाची चार वर्षांची होती आणि आई तिथं मुक्कामाला गेली होती. ताईच्या अंगणातल्या मधुमालतीवर शिंजिरानं घरटं केल्याचं कळलं. मी नवी टेलिफोटो लेन्स घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसलो.

घरटं म्हणजे कारागिरीचा नमुना होता. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली, वाळक्या काड्या-पानांची, लोंबती पिशवी. बाजूला दार आणि दारावर पुढं आलेली छोटीशी पडवी. नुसता कचरा लटकतोय असं वाटावं. हे सारं मादी एकटीच बांधते. अंडीही तीच उबवते. नर पिल्लांना भरवायला तेवढा हातभार लावतो. मोठे शिंजीर मधुरसावर जगले तरी पिल्लांना मात्र किडे आणि कोळी लागतात. आत दोन पिल्लं होती.

अडचण एकच. दारासमोर पानांची दाट डहाळी होती, फोटोत सावली पडत होती. मी कात्री आणली आणि ती डहाळी कापली. लख्ख ऊन पडलं. चोचीत कोळी धरलेली मादी, दारातून बाहेर आलेल्या दोन चोची! रोल संपेपर्यंत फोटो काढले. मग सगळे जेवलो, कूलर लावून झोपलो.

चार वाजता आईनं हाक मारली. पिल्लांची हालचाल थांबली होती. मादी मात्र चोचीत काहीतरी घेऊन येत होती, दाराशी थांबत होती आणि तशीच परत जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं येणं चालू होतं.

आई एवढंच म्हणाली, "त्याच्या घराचं छप्पर काढलं तू बाबू, अन् म्हनतं फोटो काढला."

तो फोटो उत्तम आला. पुढं माझ्या बैठकीत दोन वर्षं टांगलेला होता. येणारा-जाणारा वाहवा करायचा आणि दर वेळी आईचं वाक्य आठवायचं. शेवटी उतरवला.

मी तेव्हा अडाणी नव्हतो. पक्ष्यांवरची पुस्तकं वाचत होतो, मारुती चितमपल्लींचं लेखन आवडीनं वाचत होतो. पक्षी माहीत होता, त्याचं नाव माहीत होतं. त्याला सावली लागते, हे मात्र लेन्समधून पाहताना विसरलो. आज अनेक छायाचित्र स्पर्धांत घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, हे फार चांगलं झालं. कारण कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फांदी बाजूला सारायला एक हात पुरतो.

म्हणून एक विनंती. उन्हाळ्यात तुमच्या वेलीवर किंवा व्हरांड्यातल्या तारेवर असं लोंबतं घरटं दिसलं, तर महिनाभर तिकडं फिरकू नका. तेवढ्यात अंडी फुटून पिल्लं उडून जातात. धुणं दुसरीकडं वाळत घाला. थोड्या अंतरावर उथळ मातीच्या परळात पाणी ठेवा, ते रोज बदला.

भाचीनं सगळं ऐकलं. लाल बाटली तिनं बॅगेत परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीआड, मोबाईल हातात धरून गप्प बसलेली. बाहेर जास्वंदीवर शिंजीर होता. तिनं मला फोटो दाखवला. थोडा हललेला होता, रंगही नीट उतरला नव्हता.

"पुन्हा काढू का?" तिनं विचारलं.

"काढ की," मी म्हटलं. "तो उद्याही येईल."