बेंबीपाशी दुखतंय म्हणून बेंबी सरकली?

शहापूर-मुरबाड भागात, डोळखांब, किन्हवली, टोकावड्याकडे पोरगं पोट धरून बसलं की घरातली मोठी माणसं सांगतात, "बेंबी सरकली." मग पोट चोळायचं, बेंबी बसवायची, एरंडेल पाजायचं. दुखणं अपेंडिक्सचं असेल, तर मोलाचे तास त्यातच जातात.

असं वाटण्याला कारण आहे. अपेंडिक्स असतं पोटात उजवीकडे, खाली. पण त्याच्या नसा मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोचतात, तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येतात. म्हणून आधी बेंबीभोवतीच दुखतं. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली, की कळ उजवीकडे खाली उतरते. सरकते ती कळ. बेंबी जागच्या जागी असते. सोबत मळमळ, जेवण नकोसं होणं, बारीक ताप, आणि चालताना-खोकताना उजवीकडे चमक.

करवंदा-पेरूच्या बिया अडकून अपेंडिक्स सुजतं, असंही म्हणतात. तशा नोंदी आहेत, पण फार विरळ. मुलांची रानफळं त्यापायी बंद करू नयेत. अपेंडिक्स म्हणजे एका टोकाला बंद असलेली, साधारण 6 ते 10 सेंटिमीटर लांबीची नळी. तिचं तोंड बुजतं ते बहुधा मळाच्या कडक खड्याने किंवा तिच्याच भिंतीतल्या, संसर्गाने फुगलेल्या गाठींनी, क्वचित जंतांनी. स्राव आत साचतो, दाब वाढतो, जिवाणू माजतात, रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत कुजू लागते. एक ते तीन दिवसांत ती फुटू शकते, लहान मुलांत त्याआधीही. अशा वेळी एरंडेलाने आतड्याची हालचाल वाढवणं धोक्याचं.

सर्वांत घातक समज म्हणजे दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं. फुटल्यावर दाब सुटतो, कळ काही काळ ओसरते, आणि तेव्हाच पू पोटात पसरू लागतो.

गोळ्यांनी भागतं का? फिनलंडमधल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त प्रतिजैविकं दिलेल्यांपैकी सुमारे 27 टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली. तेही सीटी स्कॅनने निदान पक्कं केलेले, गुंतागुंत नसलेले, रुग्णालयात देखरेखीखाली असलेले रुग्ण. घरी गोळ्या घेऊन थांबणं त्यात बसत नाही.

कळ उजवीकडे उतरली की सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. शहापूरचं उपजिल्हा किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, आणि कळ किती वाजता सुरू झाली, आधी कुठे दुखत होतं, हे डॉक्टरांना नीट सांगा.